कैवार घ्यायला कुणीतरी हवे

गडहिंग्लजच्या तहसील कचेरीत माणसे कशाकशासाठी येतात, हे तालुक्यात कुणालाही तोंडपाठ असते. उत्पन्नाचा दाखला, सातबारावरची वारसनोंद, रेशनकार्डावर सुनेचे नाव, शेताच्या वाटेची तक्रार, संजय गांधी निराधारचा अर्ज. महागाव, नेसरी, हलकर्णीकडून एसटीने यायचे आणि दुपारच्या गाडीपर्यंत काम उरकले तर नशीब म्हणायचे. गावात मारामारी झाली की पोलीस ‘चॅप्टर’ करतात आणि दोन्हीकडच्या मंडळींना पुन्हा याच कचेरीत जामिनासाठी उभे राहावे लागते. तहसीलदार नुसते महसूल अधिकारी नसून कार्यकारी दंडाधिकारीही असतात, हे लोकांना कळते ते अशा वेळी.

दंडाधिकारी या नात्याने त्यांच्याकडे आणखी एक अधिकार आहे. तो मागायला मात्र कुणी फारसे येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या सातव्या कलमात म्हटले आहे, की दिव्यांग माणसाचा छळ, मारहाण किंवा पिळवणूक झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे ज्याला सकारण वाटते, अशी कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था त्या भागातल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला खबर देऊ शकते. खबर मिळाल्यावर दंडाधिकाऱ्याने तो प्रकार थांबवण्यासाठी ताबडतोब पाऊल उचलायचे असते. माणसाला तिथून सोडवायचे, त्याची स्वतःची इच्छा असेल तर सुरक्षित ठिकाणी ठेवायचे आणि गरज पडली तर निर्वाहखर्च द्यायला लावायचा, असे आदेश तो देऊ शकतो.

या कलमातले ‘कोणतीही व्यक्ती’ आणि ‘होण्याची शक्यता’ हे शब्द वकिलांनी अधोरेखित करून ठेवावेत असे आहेत. तक्रार सोसणाऱ्यानेच करायला हवी असे नाही. अंगावर वळ उठेपर्यंत थांबायलाही नको. शेजारीण, आशाताई, शाळेतले गुरुजी, दूध संस्थेचा सचिव, यांतले कुणीही चालेल. आपल्याकडे त्याला जुना आणि नेमका शब्द आहे: कैवार घेणे. पण गावात हा शब्द बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच कानावर येतो. ‘तू कशाला तिचा कैवार घेतोस?’ असे विचारले, की विचारणाऱ्याने घराचे दार लावून घेतले असे समजायचे. कायद्याने हे दार बाहेरून ठोठावायची मुभा दिली, तरी ठोठावणारा हात पुढे येत नाही. हा लेख त्या हाताविषयी आहे.

हात पुढे का येत नाही, हे समजणे कठीण नाही. छळणारा बहुधा अनोळखी नसतो. जो ताट वाढतो, औषध देतो, परसात नेतो, तोच अनेकदा मारतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने भावाविरुद्ध तक्रार केली, तर उद्या सकाळी त्याला उठवून बसवणार कोण, हा प्रश्न कुठल्याही कलमाच्या आधी उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2012 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिव्यांग मुलांना हिंसेला सामोरे जावे लागण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत 3.7 पट आढळली होती. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या 29 लाख 63 हजारांवर होती. हे आकडे शेजारी ठेवले तर प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत या कलमाखाली निदान एक जाडजूड फाइल असायला हवी.

छळ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मारहाण किंवा बलात्कार येतो. याच कायद्याचे 92 वे कलम त्याहून बारकाईने पाहते. चारचौघांत दिव्यांग माणसाचा हेतुपुरस्सर अपमान करणे, ताब्यातल्या माणसाला मुद्दाम अन्नपाणी न देणे, त्याचे अवयव किंवा त्याचे साधन निकामी करणे, स्त्रीवर किंवा मुलावर असलेल्या वर्चस्वाचा फायदा घेऊन लैंगिक शोषण करणे, या सगळ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. म्हणजे भांडणात कुबडी मोडून टाकणे हा गुन्हा आहे. श्रवणयंत्र काढून घेणे, चाकाची खुर्ची हाताला लागणार नाही अशी दूर सारून ठेवणे, यांचेही तेच. पारावर बसून रोज एखाद्याला ‘खुळं’ म्हणून हिणवणे आणि त्यावर सगळ्यांनी खदाखदा हसणे ही तर आपल्याकडची फुकटची करमणूक. संसदेने तिच्यावरही कैदेची शिक्षा ठेवली आहे, हे पारावर अजून पोहोचलेले नाही.

पैशाचा छळ तर छळ म्हणून मोजलाच जात नाही. संजय गांधी योजनेचे दरमहाचे अनुदान दिव्यांगांसाठी पंधराशेवरून अडीच हजारांवर गेले, त्याचा आनंद योग्यच आहे. पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असते? बँकेत कागदावर अंगठा उमटतो, तेव्हा तो कुणाच्या हाताने टेकवलेला असतो? बापाच्या माघारी जमिनीची वाटणी होते आणि गतिमंद बहिणीचा हिस्सा ‘तिला काय करायचंय’ या तीन शब्दांत निकाली निघतो. 13 व्या कलमाने दिव्यांगाला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसा आपण हाताळण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे. आधार देणाऱ्याचा स्वतःचाच स्वार्थ त्या व्यवहारात गुंतला असेल, तर त्याने त्यातून दूर राहावे, असेही सांगितले आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालक नेमला जातो. त्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. छळ किंवा हेळसांड झाली तर त्याला काढून टाकण्याची तरतूदही आहे. पण त्यासाठी अर्ज लागतो, आणि अर्ज लिहायला पुन्हा घराबाहेरचे माणूस लागते.

घराची ही गोष्ट. संस्थांचे काय होते, हे महाराष्ट्राने तीन वेळा पाहिले आहे.

फेब्रुवारी 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या गतिमंद मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. मुलींना पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. पुण्यामुंबईच्या स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी गदारोळ केला तेव्हा त्या थांबवाव्या लागल्या. त्या वादात अनेक भल्या माणसांनी शस्त्रक्रियांची बाजू घेतली होती, आणि आजही खासगीत पुष्कळ जण घेतील. गर्भ राहण्याचा धोका टळतो, हा त्यांचा मुद्दा. पण गर्भाशय काढल्याने बलात्कार टळत नाही, त्याचा पुरावा तेवढा टळतो. ‘मुलीच्या भल्यासाठी’ या शब्दांमागे कुणाची सोय दडली आहे हे विचारणारे माणूस त्या वसतिगृहात आधीपासून असते, तर प्रकरण ससूनच्या टेबलापर्यंत गेले नसते.

दुसरी वेळ 2010 ची. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या गतिमंद मुलांच्या वसतिगृहात कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि टाटा समाज विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमून राज्यभरातल्या अशा वसतिगृहांची पाहणी करायला लावली. याच काळात, 2011 मध्ये, पनवेलजवळच्या कळंबोलीच्या एका संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. संस्था नोंदणीकृत होती, मुली सरकारी यंत्रणेमार्फतच तिथे आल्या होत्या. मार्च 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह सहा जणांना दोषी ठरवले. त्यांत संस्थेत काम करणाऱ्या बायकाही होत्या.

कळंबोलीच्या खटल्याचे महत्त्व शिक्षेपेक्षा साक्षीत आहे. ‘तिला काय कळतं, ती काय सांगणार’ हे वाक्य पोलीस ठाण्यापासून घराच्या ओसरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते, आणि त्यावरच आरोपीची सगळी भिस्त असते. इथे त्या मुलींचे म्हणणे न्यायालयात पोहोचले आणि त्यावर निकाल लागला. ज्यांचे बोलणे कुणी ऐकून घेत नव्हते त्यांना सांगता येत होते. ऐकणाऱ्याला वेळ काढावा लागला, रीत शिकावी लागली.

कायद्याने ही रीत आता लिहून ठेवली आहे. 2013 च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने ठरवले, की लैंगिक अत्याचारातली पीडिता दिव्यांग असेल तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्या अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी आणि तिचे चित्रीकरण करावे. नव्या फौजदारी संहितेतही ही तरतूद कायम आहे. एप्रिल 2021 मध्ये एका अंध तरुणीवरच्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दिव्यांग साक्षीदाराची साक्ष केवळ दिव्यांगत्वामुळे कमी दर्जाची ठरत नाही. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले होते, आणि डोळसाने चेहरा ओळखावा तितकेच ते ग्राह्य धरले गेले. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळ्या साक्षकक्षांबाबत निर्देश दिले आणि मूकबधिर, मनोरुग्ण व इतर दिव्यांग साक्षीदारांना त्या व्याख्येत घेतले.

हे सगळे दिल्लीत लिहिले गेले. गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्व भागात ते उतरवायचे तर वेगळ्याच अडचणी येतात. तिथे घरात कन्नड, बाजारात मराठी आणि पोलीस ठाण्यात कागदी मराठी. अशा घरातली बहिरी बाई कधी शाळेत गेलेली नसेल तर तिला प्रमाण खाणाखुणांची भाषा येत नाही. तिच्या खुणा घरात घडलेल्या असतात. म्हशीची, विहिरीची, दिराची अशी तिची प्रत्येकाची वेगळी खूण. शहरातून दुभाष्या आणला तरी तो चाचपडतो. मग पोलीस घरातल्याच कुणाला तरी अर्थ सांगायला बसवतात. जिच्या घरातल्या माणसावर आरोप आहे, तीच जाऊबाई दुभाषी होते! अशा वेळी कैवारी माणसाचे काम काळ्या कोटाआधीच सुरू होते. चार दिवस त्या बाईबरोबर बसायचे, तिच्या खुणांची वही करायची, मूकबधिर शाळेतले जाणते शिक्षक आणि घराबाहेरची एखादी मैत्रीण यांना सोबत घ्यायचे. तिच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. घाईने विचारलेला एक सूचक प्रश्न उलटतपासणीत सगळा खटला बुडवतो.

वकिलांना या कामात पैसा नाही, ही तक्रार खरी आहे. पण दारे अगदी बंद नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच असते, आणि 15100 हा क्रमांक लावला तरी सुरुवात होते. सातव्या कलमाखाली पोलिसांवरही बंधन आहे. तक्रार घेऊन आलेल्या दिव्यांग माणसाला दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा हक्क, जवळच्या मदत करणाऱ्या संस्थेची माहिती आणि मोफत कायदेशीर मदत यांविषयी त्यांनी सांगायचेच असते. वर दाद मागायची तर आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. त्यासाठी कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. पक्षकाराची पायपीट वाचावी हा त्या आंदोलनाचा मुद्दा होता. ज्याला पायपीट करताच येत नाही अशा पक्षकाराचे प्रकरण या बेंचपुढे गडहिंग्लजमधून कधी जाते, ते पाहायचे.

कोल्हापूर जिल्ह्याला दिव्यांगांच्या कामाची परंपरा नाही असे कुणी म्हणणार नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अनेक घरांत आहे. वसतिगृह, शाळा, कॅलिपर, रोजगार अशा कामांतून असंख्य मुले आपल्या पायांवर, म्हणजे चाकांवर, उभी राहिली. या कामाने पुनर्वसन म्हणजे काय ते जिल्ह्याला शिकवले. संरक्षणाचे खाते मात्र रिकामेच राहिले. पुनर्वसनाला देणगीदार मिळतात, उद्घाटनाला पाहुणे मिळतात. शेजारच्या घरातल्या माणसाविरुद्ध तहसीलदारांकडे अर्ज देणाऱ्याला हारतुरे मिळत नाहीत. त्याच्या वाट्याला भाऊबंदकीचे वैर येते. शिवाय ज्या संस्था दिव्यांगांना सांभाळतात त्यांनीच त्यांच्या छळाविरुद्ध पहारा करावा ही अपेक्षाही चुकीची आहे. स्वतःच्या स्वयंपाकघराची तपासणी कोण मनापासून करील?

अमेरिकेने हा धडा न्यूयॉर्कच्या विलोब्रुक इथे घेतला. तिथल्या गतिमंद मुलांच्या प्रचंड सरकारी संस्थेत उघडीवाघडी, घाणीत पडलेली मुले 1972 मध्ये दूरचित्रवाणीवर दिसली आणि देश हादरला. त्यातून 1975 च्या कायद्याने प्रत्येक राज्यात दिव्यांगांच्या संरक्षणासाठी आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा ठेवणे आले. सेवा देणाऱ्या संस्थांपासून ती वेगळी असते. संस्थेत शिरण्याचा आणि कागदपत्रे पाहण्याचा अधिकार तिला आहे. आपल्याकडे पुण्यात दिव्यांग आयुक्तालय आहे, डिसेंबर 2022 पासून राज्याचा स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. पण शाळांना अनुदान देणारा आणि शाळांची चौकशी करणारा हात शेवटी एकाच सरकारचा. म्हणून तालुक्यातल्या स्वतंत्र माणसाची गरज अधिक.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. प्रत्येक दोरी क्रूरपणाची नसते. सत्तरीतली आई चाळिशीतल्या मनोरुग्ण मुलाला खांबाला बांधून भांगलणीला जाते, तेव्हा तो विहिरीत पडू नये एवढाच तिचा हेतू असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड निषिद्ध केले. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळ्यांत अडकलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले, हे आठवले की ती बंदी किती गरजेची होती ते पटते. तरी त्या आईवर गुन्हा दाखल करून कैवार घेतला, असे समाधान मानणे हा निव्वळ आळस. तिच्यासाठी दिवसापुरते सांभाळघर, रुग्णालयातून वेळेवर औषधे आणि ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीतून मदतनीस मागणे, हाही कैवारच. हा निधी छत्र्या आणि भिंतघड्याळे वाटण्यात संपत असेल, तर ग्रामसभेत उठून ते विचारायला हवे.

आणि कैवारी माणसानेच नवा मालक होऊ नये. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर 27 वर्षांच्या एका तरुणीचे प्रकरण आले. वडिलांनी तिच्या बौद्धिक स्थितीकडे बोट दाखवून तिचा गर्भ काढण्याची परवानगी मागितली होती. तिला मात्र बाळ हवे होते. सर्वसाधारणपेक्षा बुद्धी कमी असली म्हणून आई होण्याचा अधिकार नाही का, असे न्यायालयाने विचारले. वडील दुष्ट होते असे कुणी म्हणणार नाही. त्यांनी तिला विचारण्याआधीच तिच्या वतीने उत्तर देऊन टाकले होते.

गडहिंग्लजला हे नवे वाटायचे कारण नाही. 1975 मध्ये याच गावात देवदासींची परिषद भरली होती. डॉ. बाबा आढाव आणि गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने ही नावे त्या चळवळीशी जोडलेली आहेत. तोवर देवदासींविषयी सगळे बोलत होते: पुजारी, सुधारक, आमदार. त्या स्वतः काय म्हणतात ते ऐकायला मांडव लागला. देवीला सोडलेल्या मुलीबद्दल ‘तिचं नशीब’ म्हणणाऱ्या सीमाभागातून पुढे निर्मूलनाच्या कायद्यापर्यंतची वाट निघाली, ती अशा मांडवांतून.

मांडव आज उद्या पडेल किंवा पडणार नाही. पण एक काम त्याच्याविना होण्यासारखे आहे. संजय गांधी योजनेच्या लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एरवी वर्षभर घराबाहेर न दिसणारी माणसे या निमित्ताने सरकारच्या नजरेस पडतात. कुणी रिक्षातून उचलून आणलेली, कुणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलेली. कारकून नाव वाचतो, चेहरा पाहतो, शिक्का मारतो. जिवंत असल्याची खात्री पटली की पुढचा नंबर. त्या रांगेच्या बाजूला विधी सेवा समितीचा एक वकील, एक विशेष शिक्षक आणि एक महिला पोलीस एवढी तीन माणसे बसवली तर? सोबत आलेल्या नातेवाइकाला पाच मिनिटे चहाला पाठवायचे. मग लाभार्थ्याला मराठीत, कन्नडमध्ये, खुणांनी, लागेल तितका वेळ घेऊन विचारायचे, की पैसे कोण काढतं, जेवायला कोण देतं, रात्री भीती वाटते का. काही सांगितले तर सातव्या कलमाचा अर्ज तिथेच लिहायचा. ज्यांच्याकडे तो द्यायचा त्यांची खुर्ची शेजारच्याच खोलीत आहे.